अध्यक्षपद मागून घ्यावे काय?



आजच्या सभेला प्रारंभ झाला तेव्हा एका गृहस्थांनी उठून अध्यक्षस्थानाची सूचना मांडली, दुसऱ्यांनी तिला अनुमोदन दिले, आपण टाळ्या वाजविल्या आणि अध्यक्षमहाराज थोडे संकोचतच खुर्चीकडे गेले. ही पद्धत आपल्याकडे इतकी मुरली आहे की तिच्याकडे कोणाचे लक्षही जात नाही. पण अशी कल्पना करा, की सूचना येण्याआधीच श्रोत्यांतून एखादे गृहस्थ उठले असते आणि म्हणाले असते, ‘मला अध्यक्ष व्हावयाचे आहे.’ आपण एकमेकांकडे पाहिले असते. कोणी हसले असते. घरी जाताना त्या गृहस्थांविषयी जे बोलणे झाले असते ते येथे सांगावयास नको. मानाची जागा मागू नये, लोकांनी ती द्यावी, असा आपला संस्कार आहे. आणि समारंभापुरता तो चांगलाच आहे.

आमची तक्रार एवढीच, की समारंभाचा हा संस्कार आपण कामाच्या समितीलाही लावून बसलो आहोत. वकिलांचा संघ असो, डॉक्टरांची संस्था असो, शिक्षकांची, औषधविक्रेत्यांची किंवा आमच्यासारखी हमालांची संघटना असो, वार्षिक सभेत एखादी समिती नेमावयाची वेळ आली की सर्व माना खाली जातात. ‘कोण पाहील हे काम?’ असे विचारले की जो तो शेजाऱ्याकडे बोट दाखवितो. शेवटी जे गेली दहा वर्षे पाहत आले, त्यांच्याच गळ्यात ते पुन्हा पडते, आणि सर्वजण सुटकेचा श्वास टाकून चहाकडे वळतात.

समितीचा अध्यक्ष करतो तरी काय? विषयपत्रिका तो ठरवितो. कोणता प्रश्न आधी घ्यावयाचा आणि कोणता ‘वेळ उरल्यास’ या सदरात ढकलावयाचा, हे त्याच्या हाती असते. बडबड्याला आवरणे, मुक्याला बोलते करणे, मते मोजणे, इतिवृत्तावर सही करणे, आणि ठरलेले काम पुढच्या बैठकीपर्यंत झाले की नाही हे विचारणे, एवढे त्याचे काम. यात हारतुरे नाहीत. पण ज्याच्या हाती विषयपत्रिका, त्याच्या हाती संस्थेची दिशा असते.

याचे उदाहरण आपल्या जिल्ह्यातच आहे. कारंजा येथे १८८६ साली हैदराबादच्या रेसिडेन्सीच्या हुकमाने कापसाचा नियंत्रित बाजार सुरू झाला. हिंदुस्थानातील पहिला नियंत्रित बाजार म्हणून त्याचे नाव पुस्तकांत येते. पुढे १८९७ साली वऱ्हाडासाठी कापूस व धान्य बाजाराचा कायदा झाला आणि बाजार पाहण्यासाठी समित्या आल्या. त्या समित्यांवर व्यापारी होते, नगरपालिकेचे प्रतिनिधी होते. ज्याच्या शेतातून कापूस येई त्या शेतकऱ्याला मात्र जागा नव्हती. १९२८ साली शेतीविषयक शाही आयोगाने हा दोष दाखविला. मग शेतकऱ्याचे गाऱ्हाणे विषयपत्रिकेवर यावे तरी कसे? पोते वाहणाऱ्या हमालाची गोष्ट तर दूरच राहिली. आज १९६३ च्या कायद्याखाली बाजार समितीवर शेतकऱ्यांचे प्रतिनिधी आहेत, आणि हमाल-मापाऱ्यांसाठीही एक जागा असते. जागा मिळावयास इतकी वर्षे लागली, आणि मिळालेल्या जागेवर बसावयास मात्र आपण संकोचतो!

आता स्वतःहून पुढे झालेल्या एका माणसाकडे वळू. नारायण मेघाजी लोखंडे हे मुंबईच्या एका गिरणीत भांडारपाल होते. महात्मा फुल्यांच्या सत्यशोधक समाजात ते तयार झाले, ‘दीनबंधु’ पत्र त्यांनी चालविले. १८८४ सालच्या सप्टेंबरात त्यांनी गिरणीकामगारांच्या सभा भरविल्या. रविवारची सुट्टी, दुपारी अर्ध्या तासाची विश्रांती, पगार वेळेवर, काम करताना इजा झाल्यास मदत, अशा मागण्यांच्या अर्जावर सुमारे साडेपाच हजार कामगारांनी सह्या-अंगठे केले. मुंबईच्या गिरणीकामगारांच्या संघाचे अध्यक्षपद लोखंड्यांनी घेतले. त्यासाठी वेतन नव्हते, कचेरीचा थाटही नव्हता. १० जून १८९० रोजी गिरणीमालकांच्या संघाने रविवारची सुट्टी मान्य केली. आपण ज्या रविवारी वामकुक्षी करतो, त्या रविवारामागे एका माणसाने न सांगता उचललेले हे ओझे आहे.

परंतु गोष्ट येथे संपत नाही. कारखाना कायद्याच्या अंमलबजावणीविषयी मुंबईत १८९२ साली जो सरकारी अहवाल झाला, त्यात या संघाविषयी लिहिले आहे की त्याला सभासदांची यादी नाही, निधी नाही, नियम नाहीत. लोखंडे हे आपल्याकडे येईल त्या कामगाराला आपखुशीने सल्ला देतात, इतकेच. सरकारी माणसाची नजर आपल्याविषयी प्रेमळ नसते, हे आम्ही जाणतो. तरीही या वाक्यांत सत्य आहे. ९ फेब्रुवारी १८९७ रोजी मुंबईच्या प्लेगात लोखंडे गेले आणि त्यांच्यामागून तो संघही टिकला नाही. खुर्चीवरचा माणूस मोठा होता, पण खुर्चीला पाय नव्हते.

पुढच्या पिढीने हे पाय घडविण्याचा प्रयत्न केला. १९२८ साली मुंबईत गिरणी कामगार युनियन निघाली. तिचे अध्यक्ष अर्जुन आत्माराम आळवे हे स्वतः गिरणीकामगार होते, आणि एकेका गिरणीत कामगारांची गिरणी-समिती होती. वर्गणी गोळा करावयाची, खात्यातली गाऱ्हाणी वर न्यावयाची, हे काम त्या समित्या करीत. २० मार्च १९२९ रोजी मीरतच्या खटल्यासाठी आळवे आणि इतर पुढारी पकडले गेले. तरीही पुढच्याच महिन्यात पुन्हा सार्वत्रिक संप उभा राहिला. तो संप यशस्वी झाला नाही, हेही सांगितले पाहिजे. पण अध्यक्ष तुरुंगात असताना संघटना हलू शकली, हा फरक लहान नव्हे.

कायद्यानेही ही वाट मोकळी ठेवली. १९२६ च्या कामगार संघटना कायद्याने निम्मे तरी पदाधिकारी प्रत्यक्ष त्या धंद्यात काम करणारे असावेत असे सांगितले होते. २००१ च्या दुरुस्तीने संघटित उद्योगांत बाहेरच्यांचा वाटा एकतृतीयांश किंवा पाच, यांपैकी जो कमी असेल तेवढ्यावर आणला. २१ नोव्हेंबर २०२५ पासून या कायद्याची जागा औद्योगिक संबंध संहितेने घेतली आहे. संहितेचे गुणदोष हा वेगळ्या व्याख्यानाचा विषय आहे. पण कोणताही कायदा झाला तरी तो खुर्ची मांडून देईल. तीवर बसण्यासाठी हात वर करणे हे माणसालाच करावे लागते.

दुसऱ्यांचे दोष सांगून झाल्यावर आता स्वतःचा सांगतो. या जिल्ह्यातील एका बाजारपेठेत हमालांच्या संघटनेची साहाय्य समिती आहे. कोणी आजारी पडला, कोणाला इजा झाली, तर समितीच्या पेटीतून मदत द्यावयाची. अकरा वर्षे तिचे अध्यक्ष आम्हीच होतो. दरवर्षी आम्ही विचारीत होतो, ‘दुसरा कोणी तयार आहे का?’ आणि दरवर्षी उत्तर येई, ‘भाऊ, तुमीच पाहा.’ खरे सांगावयाचे तर ते उत्तर ऐकावयास गोड लागे. आमचे शिक्षण शाळेत थोडे आणि वाचनालयात अधिक झाले. चार लोक आपल्यावाचून अडतात, ही भावना अशा माणसाला लवकर चढते.

एका वर्षी सोयाबीनच्या हंगामात आम्ही दुखण्याने अडीच महिने परगावी पडून होतो. त्याच काळात पोत्यांची थप्पी कोसळून आमचा एक सभासद खाली सापडला. कंबर मोडली. पेटीत पैसे होते. पण बैठक अध्यक्षाने बोलवावयाची, सही अध्यक्षाने करावयाची, आणि किल्ली अध्यक्षाच्या घरी, खुंटीवर. कोणाला काय करावे ते सुचले नाही. त्याच्या बायकोने कानातले गहाण ठेवले आणि उरलेले पैसे व्याजाने काढले. आम्ही परत आल्यावर ती माउली भेटावयास आली. रडली नाही, भांडली नाही. तिने एवढेच विचारले, ‘भाऊ, पेटी होती, पैसे होते, मंग चावी कोनापाशी होती?’

त्या प्रश्नाला आमच्याजवळ उत्तर नव्हते. अकरा वर्षे आम्ही फुकट राबलो, हे उत्तर होऊ शकत नव्हते.

पुढच्या सभेत आम्ही पद सोडीत असल्याचे सांगितले आणि कोणाचेही नाव सुचवावयाचे नाही, असे ठरवून खाली बसलो. बराच वेळ कोणी बोलले नाही. आमच्या जिभेवर दोनदा शब्द आले, ‘बरे, या वर्षी पुन्हा आम्हीच पाहतो.’ ते गिळले. अखेर मागून एक हात वर आला. जेमतेम सही करणारा माणूस. म्हणाला, ‘भाऊ, मी बसतो. पन दोनच वर्स. अन् मले लिहनं जमत नाई, त्याच्यासाठी एक पोरगा द्या.’

त्या माणसाने कसे काम केले ते सांगतो. बैठक संध्याकाळी होई, तेव्हा सर्वजण थकून जांभया देत. त्याने ती बाजाराच्या सुट्टीच्या दिवशी सकाळी घेतली. प्रारंभी जमाखर्च मोठ्याने वाचावयास लावला. कारण त्याला स्वतःला वाचता येत नव्हते, आणि त्यामुळे सर्वांनाच हिशेब कळू लागला. पेटीला दोन किल्ल्या केल्या आणि त्या दोघांकडे दिल्या. तातडीच्या मदतीसाठी कोणत्याही तिघांची सही पुरे, असा ठराव करून घेतला. दर तिसऱ्या बैठकीला तो स्वतः सतरंजीवर बसे आणि दुसऱ्या कोणाला तरी अध्यक्ष करी. चुका झाल्या नाहीत असे नाही. एकदा मते मोजण्यावरून मोठा तंटा झाला. पण दोन वर्षे भरताच लोक हार घेऊन आग्रह करू लागले तेव्हा तो उठला आणि म्हणाला, ‘बोली दोन वर्साची होती.’ त्या दिवशी दोन हात वर आले. आमच्या अकरा वर्षांत एकही आला नव्हता.

कोणी म्हणेल, स्वतःहून पुढे येणारा लोभी निघाला तर? निघू शकतो. म्हणून हात वर करणाऱ्याने तीन गोष्टी सभेपुढे बोलून दाखवाव्यात: किती काळासाठी बसणार, आपल्याला काय जमत नाही आणि त्यासाठी कोणाची मदत हवी, आणि आपल्यामागून बसणारा कसा तयार करणार. लोभी माणसाला या तीन गोष्टी सांगता येत नाहीत. निदान पहिली आणि तिसरी तर नाहीच. उलट, कोपऱ्यात चार जणांनी आधी ठरवून मग ‘एकमताने’ गळ्यात घातलेल्या पदाची परीक्षा कोणी घ्यावी? आणि बाकीच्यांचेही एक काम आहे. पोते उचलणाऱ्याला दोघे हात देऊन ते पाठीवर ठेवतात, तसा हात पुढे येणाऱ्याला द्यावा. त्याच्या हेतूची चिकित्सा चहाच्या टपरीवर करू नये.

या सभागृहात निरनिराळ्या धंद्यांतील मंडळी बसली आहेत. प्रत्येकाची काही ना काही संघटना असेल, आणि तिच्या वार्षिक सभेत ती माना खाली घालण्याची घटका येतच असेल. पुढच्या वेळी ती आली, की आमच्या व्याख्यानातले दुसरे काही आठवले नाही तरी त्या माउलीचा प्रश्न आठवावा. आज खुर्चीवर असाल तर किल्ली कोणाकोणापाशी आहे ते पाहावे, आणि खुर्चीवर नसाल तर हात वर करावा.