दोन ओढी, एक पदवी
(ग्रंथालयाच्या शताब्दी व्याख्यानमालेतील भाषण)



बारावीचा निकाल लागला की वडोद्यातील मराठी घरांतून दरवर्षी एकच प्रश्न ऐकू येतो : पुढे काय? ज्या विद्यार्थ्याला कशाचीच विशेष ओढ नसते, त्याच्या बाबतीत हा प्रश्न टक्केवारी सोडवून टाकते. ज्याला एकाच विषयाने झपाटलेले असते, त्याला हा प्रश्न पडतच नाही. खरी कोंडी होते ती तिसऱ्याची. भौतिकशास्त्राचे उदाहरण सुटेपर्यंत त्याला जेवण सुचत नाही आणि संध्याकाळी तबल्याचा वर्ग चुकला तर झोप येत नाही. किंवा एखाद्या मुलीला जीवशास्त्रही हवे असते आणि मराठी कविताही. अशा मुलांना घरातील वडीलधारी माणसे मायेनेच, पण ठामपणे बजावतात, "एक ना धड, भाराभर चिंध्या!" आजचे विवेचन या मुलांविषयी आणि त्यांच्या वडीलधाऱ्यांविषयी आहे.

या म्हणीत तथ्य नाही असे नाही. हाती घेतलेले काहीच तडीस न नेणारी माणसे प्रत्येकाच्या नात्यात असतात. परंतु या म्हणीला याच शहराने एक ठळक अपवाद दिला आहे. १८९० मध्ये येथे कलाभवनाची स्थापना झाली. त्र्यंबकेश्वरात १८७० साली जन्मलेले आणि मुंबईच्या जे. जे. कलाशाळेत शिकून आलेले धुंडिराज गोविंद फाळके या संस्थेचे विद्यार्थी होते. चित्रकलेबरोबर छायाचित्रण व शिल्पकाम यांतही त्यांनी येथे गती मिळविली. पुढे ते छायाचित्रकार झाले, पुरातत्त्व खात्यात आरेखक झाले, मुद्रणाच्या व्यवसायात शिरले, जादूचे प्रयोगही करू लागले. त्या काळी एखाद्या हितचिंतकाने हीच म्हण त्यांना ऐकविली असती, तर त्याला दोष देता आला नसता. पण १९१३ मध्ये 'राजा हरिश्चंद्र' पडद्यावर आला, तेव्हा त्यात चित्रकाराची नजर, छायाचित्रकाराचा हात आणि जादूगाराची युक्ती ही सारी एकत्र कामास आली होती. तरीही एक गोष्ट विसरता कामा नये. फाळक्यांनी ज्या विद्या घेतल्या, त्या वरवर चाळून सोडल्या नाहीत. एकेक करून हातात मुरविल्या. अनेक ओढी असणे आणि चंचल असणे यांतील भेद तो हाच.

मात्र सारे आयुष्य हाती असणे वेगळे आणि पदवीची तीन-चार वर्षे हाती असणे वेगळे. तेथे निवड करावीच लागते. ती करताना 'मला अधिक काय आवडते?' हाच प्रश्न बहुधा विचारला जातो, आणि दोन्ही गोष्टी सारख्याच आवडत असल्यामुळे उत्तर मिळत नाही. अशा वेळी प्रश्नच बदलून पाहावा : यांपैकी कोणती विद्या विद्यापीठावाचून मिळणार नाही? रसायनशास्त्राला प्रयोगशाळा लागते. वैद्यकाला रुग्णशय्येपाशी उभा राहून चुका दुरुस्त करणारा गुरू लागतो आणि कायद्याने मान्य केलेली पदवीही लागते. या गोष्टी घरी बसून साधत नाहीत. उलट चरित्रे, प्रवासवर्णने, कथा-कादंबऱ्या, सर्वसाधारण इतिहास यांची आवड ग्रंथालयाच्या आधारावर आयुष्यभर जगू शकते. महाराज सयाजीराव गायकवाडांनी १९०६ मध्ये संस्थानभर प्राथमिक शिक्षण सक्तीचे केले आणि १९१० मध्ये अमेरिकेतून बोर्डन यांना पाचारण करून गावोगाव ग्रंथालयांचे जाळे विणावयास घेतले. शाळा सुटली म्हणून शिक्षण सुटू नये, हे या दोन गोष्टींना जोडणारे सूत्र आहे. दोन ओढींच्या विद्यार्थ्यालाही ते लागू पडते.

येथे एक सावधगिरी आवश्यक आहे. "मराठी काय, घरीही वाचता येते," असे म्हणत हीच कसोटी गेली कित्येक वर्षे प्रत्येक बुद्धिमान मुलाला भाषेच्या अभ्यासापासून दूर नेण्यासाठी वापरली गेली. वाचन आणि अध्ययन या दोन भिन्न गोष्टी आहेत. भाषाशास्त्र, पाठचिकित्सा, जुन्या गद्याचे व्याकरण यांना शिक्षक लागतोच. गायकवाडी अमलातील कागदपत्रांचा मोठा संग्रह या शहरात मोडी लिपीत आहे. ती लिपी डोळ्यांना वळणी पडण्यासाठी जाणत्या माणसाजवळ महिनोन्‌महिने बसावे लागते. तेव्हा ज्या विद्यार्थ्याला साहित्य केवळ रमविते त्याने ते ग्रंथालयात सांभाळावे. ज्याला 'हा शब्द येथे असाच का आला?' हा प्रश्न स्वस्थ बसू देत नाही, त्याने मात्र भाषेचीच पदवी घ्यावी. त्याला तेथून परावृत्त करणाऱ्यांनी हा भेद एकदा तपासून पाहावा.

दुसरी कसोटी दारांची. काही दारे मागाहूनही उघडतात, काही एकदा मिटली की मिटली. विज्ञानाच्या पदवीधराला पुढे इतिहासाकडे, कायद्याकडे, पत्रकारितेकडे वळता येते. कलाशाखेच्या पदवीधराला अभियांत्रिकीकडे वळणे जवळजवळ अशक्य असते. गुजरातच्या उच्च माध्यमिक विज्ञानशाखेत गणिताचा 'अ' गट आणि जीवशास्त्राचा 'ब' गट असा जो फाटा फुटतो, तोही असाच. पंधरा-सोळाव्या वर्षी केलेली ती निवड पुढील कित्येक वाटा ठरवून टाकते. दोन ओढी खरोखरच समबल असतील, तर जिचे दार पुन्हा उघडणार नाही ती आधी धरावी, हे व्यवहाराला धरून आहे. परंतु 'समबल असतील तर' ही अट गाळली की याच शहाणपणाचे अन्यायात रूपांतर होते. ज्याला भौतिकशास्त्राच्या पुस्तकासमोर अर्धा तास बसवत नाही, त्याच्यासाठी विज्ञानाची दहा दारे उघडी राहिली तरी तो त्यांतून आत शिरणार नाही.

तिसरी कसोटी अगदी साधी, आणि म्हणूनच उपेक्षित आहे. विषयाच्या नावावर न भाळता त्याच्या शेवटच्या वर्षाची प्रश्नपत्रिका वाचावी. मानसशास्त्र म्हणजे माणसांच्या मनाच्या गोष्टी, अशा समजुतीने गेलेल्या विद्यार्थ्याची गाठ संख्याशास्त्राशी पडते. अर्थशास्त्रात पुढे गणित आडवे येते. असा आनंददायक धक्का उलट दिशेनेही बसतो. १९४९ मध्ये स्थापन झालेल्या महाराजा सयाजीराव विद्यापीठाच्या पुरातत्त्व विभागाने चांपानेरचे उत्खनन केले. या शास्त्रात इतिहास तर आहेच. शिवाय थरांचा अभ्यास करताना भूशास्त्र, धान्याचे जळके कण ओळखताना वनस्पतिशास्त्र आणि धातूचे पृथक्करण करताना रसायनशास्त्र लागते. इतिहास की विज्ञान, या पेचात सापडलेल्या कितीजणांना अशी एक वाट आपल्याच गावात आहे हे ठाऊक असते?

दोन ओढी एकत्र नांदविण्याचे सर्वांत थोर उदाहरणही वडोद्याशी निगडित आहे. डॉ. बाबासाहेब आंबेडकर १९१३ मध्ये बडोदे संस्थानच्या शिष्यवृत्तीवर कोलंबिया विद्यापीठात गेले. मुख्य विषय अर्थशास्त्र. परंतु इतिहास, समाजशास्त्र, तत्त्वज्ञान, मानववंशशास्त्र यांचेही वर्ग त्यांनी केले. भारतातील जातिसंस्थेवरील त्यांचा गाजलेला निबंध १९१६ मध्ये वाचला गेला तो मानववंशशास्त्राच्या चर्चासत्रात. पुढे लंडनमध्ये त्यांनी अर्थशास्त्र व कायदा यांचे अध्ययन एकाच वेळी आरंभिले. शिष्यवृत्तीची मुदत संपली म्हणून १९१७ मध्ये त्यांना परतावे लागले. करारानुसार ते बडोद्याच्या सेवेत रुजू झाले खरे, पण अस्पृश्यतेपायी या शहराने त्यांना राहावयास जागा दिली नाही आणि ते निघून गेले. या शहराच्या ग्रंथालयात बोलताना ही गोष्ट टाळून पुढे जाता येणार नाही. विद्यार्थ्याची ओढ कितीही बळकट असली, तरी तिला पैसा, आसरा आणि मान देणारा समाज लागतो. एकट्या जिद्दीवर सारा भार टाकणे योग्य नव्हे.

न निवडलेली विद्या मरून जाते, ही भीतीही पुष्कळदा निराधार ठरते. लोकमान्य टिळकांनी १८७७ मध्ये गणित घेऊन बी. ए. केले आणि एम. ए. अर्धवट सोडून १८७९ मध्ये कायद्याची पदवी मिळविली. गणित मागे पडले, असे तेव्हा कोणालाही वाटले असते. परंतु १८९३ च्या 'ओरायन' या ग्रंथात वेदांचा काळ ठरविताना त्यांनी आधार घेतला तो ज्योतिर्गणिताचा. आणि १९०८ च्या खटल्यात आपली बाजू त्यांनी स्वतःच मांडली, तेव्हा कायद्याचे अध्ययनही उपयोगी पडले.

आता नियमही सैलावले आहेत. २०२० च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणाने चार वर्षांच्या पदवीची आणि मधूनच बाहेर पडून पुन्हा येण्याची सोय मांडली. २०२२ मध्ये विद्यापीठ अनुदान आयोगाने दोन पदव्यांचे शिक्षण एकाच वेळी घेण्यास मुभा दिली. या सवलतींचे स्वागतच व्हावे. मात्र दिवसाचे तास चोवीसच राहिले आहेत. निवडीची वेळ लांबली, तरी निवड टळत नाही.

तेव्हा पालकांना विनंती एवढीच, की मुलाची दुसरी ओढ त्याच्या पहिल्या ओढीची शत्रू समजू नये. अभियांत्रिकीला प्रवेश मिळाला त्याच दिवशी पेटी माळ्यावर टाकण्याचे काही कारण नाही. ग्रंथालयाकडे एक मागणे आहे. येथील सभासदांची मुले महाविद्यालयात गेली की त्यांची वर्गणी बंद होते आणि पुष्कळांची पावले पुन्हा या जिन्याकडे वळत नाहीत. शताब्दीच्या निमित्ताने या मुलांसाठी पदवी पूर्ण होईपर्यंत वर्गणी माफ करावी, आणि रविवारी सकाळी दोन तास मोडीचे व जुन्या मराठी गद्याचे वाचन सुरू करावे. वैद्यकाचा, वाणिज्याचा, स्थापत्याचा विद्यार्थी तेथे येऊन बसेल. विद्यापीठात जी ओढ त्याला मागे ठेवावी लागली, तिच्यासाठी या गावात एक बाक राखून ठेवलेला आहे, एवढे त्याला कळले तरी पुरे.