शर्यतींतल्या जुन्या मोटारी

दहा वर्षें वापरलेली मोटार विकावयास काढली तर गिऱ्हाईक नाक मुरडतें; परंतु नव्वद वर्षांपूर्वींच्या एखाद्या मोटारीसाठीं संग्राहक थैल्या मोकळ्या सोडतात. श्रोतेहो, ह्या नवलाचें मूळ बरेच वेळां रस्त्यांवरच्या शर्यतींत सांपडतें.

मोटारींच्या पहिल्या शर्यती बंदिस्त मैदानांत झाल्या नाहींत. त्या गांवागांवांतून जाणाऱ्या साध्या रस्त्यांवरच झाल्या. १८९५ सालीं पॅरिसहून बॉर्दोपर्यंत आणि परत, अशा सुमारें बाराशें किलोमीटरांच्या शर्यतींत एमिल लव्हास्सोर जवळजवळ एकोणपन्नास तासांत सर्वांच्या आधीं पोंचला. १९०३ सालच्या पॅरिस-माद्रिद शर्यतींत मात्र वाटेंतच अनेक बळी पडले आणि सरकारनें ती बॉर्दो येथेंच थांबविली. आपल्याकडे १९०४ च्या अखेरीस दिल्लीहून मुंबईपर्यंत मोटारींची चांचणी निघाली. तींत वेगापेक्षां टिकाऊपणाचा कस लागावयाचा होता. मोटारीचे गुणदोष खऱ्या रस्त्यावरच उघडे पडतात, हें त्या काळच्या कारखानदारांनीं ओळखलें होतें.

अशाच कसोटींतून ड्यूसेनबर्ग हें अमेरिकन नांव पुढें आलें. १९२१ सालीं ल मां येथें फ्रान्सची मोठी शर्यत झाली. रस्ता उखडून खडी उडत होती. तरी जिमी मर्फी ह्यानें ड्यूसेनबर्ग हांकून ती जिंकली. पुढें १९२४, १९२५ आणि १९२७ ह्या सालीं इंडियानापोलिसची पांचशें मैलांची शर्यतही ह्याच मोटारींनीं जिंकली.

ह्या कथेचा एक धागा मराठी घराण्याशीं येऊन मिळतो. इंदूरचे महाराज दुसरे यशवंतराव होळकर ह्यांनीं १९३५ च्या सुमारास ह्याच कारखान्याची 'एसजे' जातीची मोटार मागविली. तिचा वरचा सांटा लंडनच्या गर्नी नटिंग ह्या कारागिरांनीं घडविला. एका ओळींत आठ नळकांडीं असलेल्या तिच्या इंजिनाला एक पंखा जोडलेला होता. तो हवा दाबून आंत लोटीत असे; त्यामुळें अधिक इंधन जळे आणि जोर वाढे. ही युक्ति शर्यतींच्या मोटारींत पारखलेली होती. १९३७ सालीं कारखाना बंद पडला. होळकरांची ती मोटारही आज भारतांत नाहीं. परदेशांतील संग्राहकांनीं ती जपली आहे.

असें कां झालें? संस्थानें विलीन झालीं, तनखे १९७१ सालीं बंद झाले आणि मोटारखाने ओस पडले. पुष्कळ मोटारी विकल्या गेल्या, कांहीं भंगारांत गेल्या. ज्या उरल्या त्यांच्यापुढें आतां वेगळेंच संकट आहे, तें म्हणजे अतिउत्साही दुरुस्तीचें. जुना रंग खरवडून नवा चकचकीत रंग दिला, मूळचें इंजिन काढून दुसरें बसविलें, म्हणजे मोटार धांवते खरी. पण कोणत्या शर्यतींत कोणता भाग झिजला, ह्याची साक्ष त्याबरोबर पुसली जाते. म्हणून जाणता संग्राहक प्रथम सांगाड्याचा व इंजिनाचा क्रमांक पाहतो, ते कागदांशीं ताडतो आणि मगच हत्यार हातीं घेतो. गंज थांबवावा, ब्रेक सुरक्षित करावे. परंतु जें टिकण्याजोगें आहे तें बदलूं नये, हा त्याचा दंडक.

सरकारनेंही २०२१ सालीं पन्नास वर्षांहून जुन्या मोटारींसाठीं नोंदणीचे वेगळे नियम केले. अशा मोटारी मूळ स्वरूपांत राखलेल्या असाव्यात, प्रदर्शन, मेळावा अशा कारणांसाठीं त्या रस्त्यावर आणाव्यात, रोजच्या वापरासाठीं मात्र नव्हे, असा त्यांतील आशय आहे.

प्रत्येक घरीं होळकरांची मोटार असणार नाहीं. परंतु कित्येकांच्या ट्रंकेंत आजोबांच्या मोटारीचें नोंदणीपुस्तक, खरेदीची पावती किंवा चांचणीच्या दिवशींचें छायाचित्र पडून असेल. रद्दी काढतांना असे कागद बाजूला ठेवावेत, छायाचित्रामागें माणसांचीं नांवें व साल लिहावें. एखादी मोटार खरोखरच शर्यतींत धांवली होती कीं नुसतीच तशी सजविली आहे, ह्याचा निर्णय उद्यां कदाचित् त्या एका कागदावरूनच व्हावयाचा असेल.