ताटातील भाजी आणि स्तनाचा कर्करोग
(नांदेड व लातूर येथील ज्ञातिभगिनींच्या मेळाव्यात केलेले भाषण)



आजच्या विषयाचे नाव घेतानाही आपल्याकडे आवाज खाली जातो. जेथे वधूवर-परिचय व विद्यार्थी वसतिगृह यांवर भाषणे व्हावयाची, तेथे स्तनाच्या कर्करोगाचे काय काम, असे कोणाच्या मनात येईल. परंतु भारतातील स्त्रियांना होणाऱ्या कर्करोगांत आज याचाच क्रमांक पहिला आहे; आणि या रोगाच्या भीतीचा हात धरून 'अँटिऑक्सिडंट' असे नाव छापलेल्या गोळ्यांचे व चूर्णांचे महाग डबे आपल्या घरांत शिरत आहेत. त्यांच्याविषयी आधी बोलू.

डब्यावरील शब्दाचा अर्थ अवघड नाही. उघडे ठेवलेले तेल हवेतील प्राणवायूमुळे खवट होते, हे प्रत्येक गृहिणीस ठाऊक आहे. शरीरातही अन्नापासून शक्ती निर्माण होताना प्राणवायूचे काही उपद्रवी कण उत्पन्न होतात व ते पेशींतील आनुवंशिक द्रव्यास इजा करतात. ही इजा रोखणारी द्रव्ये ती अँटिऑक्सिडंट. तांदुळजा, शेपू, शेवग्याचा पाला यांत कॅरोटीन असते. आवळ्यात व पेरूत क जीवनसत्त्व, करडईच्या तेलात ई जीवनसत्त्व. कॅरोटीन अंगी लागावयास थोडे तेल लागते. आपल्या आज्या भाजीस फोडणी देत, ती काही शास्त्र वाचून नव्हे, पण योग्यच देत.

ज्या स्त्रियांच्या रक्तात कॅरोटीनवर्गीय द्रव्ये अधिक, त्यांच्यात हा रोग काहीसा कमी आढळतो, असे २०१२ साली आठ अभ्यासांच्या एकत्रित पाहणीत दिसले. मग तेच द्रव्य गोळीत भरून दिले तर? फिनलंडमध्ये सुमारे २९ हजार धूम्रपान करणाऱ्या पुरुषांवर हा प्रयोग झाला. १९९४ साली निष्कर्ष आला : कॅरोटीनची गोळी घेणाऱ्यांत फुप्फुसाचा कर्करोग १८ टक्क्यांनी वाढला! अमेरिकेत जवळजवळ ४० हजार स्त्रियांपैकी निम्म्यांना सुमारे दहा वर्षे ई जीवनसत्त्व दिले. २००५ साली पाहता स्तनाच्या कर्करोगात फरक नव्हता. भाजी ही एका द्रव्याची पुडी नव्हे. आणि जिच्यावर उपचार चालू आहेत, तिने तर अशी गोळी डॉक्टरांना विचारल्यावाचून घेऊच नये.

येथे कोणी म्हणेल, आमच्या खेड्यांत भाजीभाकरीमुळेच हा रोग कमी होता. लातुरापासून फार दूर नसलेल्या बार्शीस १९८७ पासून कर्करोगाची ग्रामीण नोंदवही ठेवली जाते. त्या भागातील स्त्रियांत हा रोग मुंबईपेक्षा पुष्कळच कमी आढळला, हे खरे. परंतु त्या स्त्रियांची लग्ने लवकर होत, मुले अधिक होत व प्रत्येक मूल दीर्घकाळ अंगावर पिई. ३० देशांतील ४७ अभ्यास एकत्र करून २००२ साली असे दाखविण्यात आले की, स्तनपानाच्या प्रत्येक बारा महिन्यांमागे हा धोका सुमारे ४.३ टक्क्यांनी घटतो. तेव्हा सारे श्रेय अंबाडीच्या भाजीस देणे हा भाबडेपणा होईल. (बालविवाहाची भलामण मात्र यातून कोणी काढू नये.) पाळी गेल्यावर वाढलेले वजन हेही एक कारण आहे, आणि ते गोळीने उतरत नाही.

भाजी खावी, अवश्य खावी. पण ती बाईच्या ताटात येते कोठून? नांदेड-लातुरात सोयाबीनने ज्वारीच्या रानाची बरीच जागा घेतली. पूर्वी खुरपणीहून परतणाऱ्या बाईच्या पदरात तांदुळजा व घोळ येत असे. आता तणनाशकाच्या फवाऱ्यात ती जळून जाते. बाजारातून आणलेली भाजी आधी पुरुषांना, मग मुलांना. शेवटी बसणारीस कढईचा तळ. आपल्या मेळाव्यातील पंगतीही याच क्रमाने उठतात, हे आम्ही खेदाने नमूद करतो.

आणि उत्तम आहार घेणाऱ्या स्त्रीसही गाठ होते. ती दुखत नाही, म्हणून सांगितली जात नाही. संकोचाने महिने जातात, आणि त्या महिन्यांत डब्यातील चूर्ण चालू असते. या चूर्णाचा खरा अपाय हा. मुंबईत टाटा रुग्णालयाने १९९८ पासून झोपडपट्ट्यांतील दीड लाखाहून अधिक स्त्रियांचा अभ्यास केला. त्यांपैकी निम्म्या स्त्रियांची प्रशिक्षित आरोग्यसेविकांनी दर दोन वर्षांनी केवळ हाताने तपासणी केली. २०२१ साली निष्कर्ष प्रसिद्ध झाला : पन्नाशी ओलांडलेल्या स्त्रियांत या रोगाचे मृत्यू जवळजवळ ३० टक्क्यांनी कमी झाले. त्याहून लहान वयाच्या स्त्रियांत मृत्यूंत तसा फरक दिसला नाही; तथापि गाठ हाताला लागली की वय मोजीत बसू नये. यंत्र नाही, सुई नाही. जाणती बोटे आणि पडदा ओढलेली खोली, एवढेच साहित्य.

तीस वर्षांवरील स्त्रियांसाठी अशी तपासणी सरकारी आरोग्य केंद्रांच्या कार्यक्रमात आहे. नांदेड व लातूर दोन्हीकडे शासकीय वैद्यकीय महाविद्यालये आहेत. म्हणून कार्यकारिणीपुढे आमची सूचना अशी की, पुढील वार्षिक मेळाव्यात सभागृहालगतची एक खोली सकाळपासून भगिनींसाठी राखून ठेवावी, तेथे प्रशिक्षित परिचारिका बोलवावी, आणि त्या दिवशी पहिली पंगत स्त्रियांची बसवावी. वाढावयास आम्ही पुरुष येऊ.