कलेजी कुणाच्या ताटात?

मागच्या महिन्यात आमच्या गटातल्या बायांचं रक्त तपासलं. बाईचं हिमोग्लोबिन 12 तरी हवं, आमच्या बऱ्याच जणींचं 9-10 वरच अडकलेलं. आणि आम्ही सगळ्या शेळ्या पाळणाऱ्या! मग बैठकीत विषय निघाला, मटणात लोह असतं म्हणतात, ते कशानं कमी-जास्त होतं?

एक म्हणजे वय. गिऱ्हाईक कोवळं मटण मागतं. ते फिकं दिसतं, मोठ्या बोकडाचं गडद लाल. ज्या द्रव्यामुळं हा लालपणा येतो, त्यातच लोह असतं, आणि जनावराच्या वयाबरोबर ते वाढतं. म्हणून जून मटणाला नाक मुरडायचं नाही. शिजायला वेळ लागतो, एवढंच.

दुसरं चारा. जमिनीतलं पाल्यात उतरतं, पाल्यातलं शेळीत. बाभूळ, बोर, शेवरी, सुबाभूळ, शेळी सगळ्याचे शेंडे खुडत फिरते. नुसत्या कडब्यावर बांधली तर तिला खनिजं कमी पडतात. गोठ्यात चाटण वीट टांगा, तिची तब्येत आणि वीण सुधारते. पण विटेनं मटणातलं लोह लगेच वाढेल, असं समजू नका. जादाचं लोह आणि तांबं जनावर मुख्यतः काळजात साठवतं.

म्हणून कोणता भाग खाल्ला, यानं सगळ्यात मोठा फरक पडतो. चरबीत लोह जवळजवळ नाहीच. कलेजीत मात्र मटणाच्या दुप्पट, कधी त्याहूनही जास्त. फक्त गरोदर बाईनं डॉक्टरांना विचारल्याशिवाय कलेजी खाऊ नये, तिच्यात अ जीवनसत्त्व फार असतं.

काही जणी मटण उकळून पहिलं पाणी ओतून देतात. पाण्यात उतरलेली खनिजं मोरीत जातात. अळणी टाकू नका, प्या. जेवणावर लगेच चहा नको, चहामुळं लोह अंगी कमी लागतं. आणि दवाखान्यातल्या लोहाच्या गोळ्या चालूच ठेवा, मटण काही रोज होत नाही.

हे सगळं ऐकून आमच्यातल्या एक वहिनी म्हणाल्या, "कलेजी? लग्नाला 18 वर्षं झाली, मी अजून चाखलेली नाही. आधी मामंजी, मग हे, मग पोरं. मला रस्सा." सगळ्या हसल्या, मग गप्प झाल्या.

येत्या रविवारी गटातल्या एकीचा बोकड कापायचाय. ज्यांचं रक्त 10 च्या खाली आहे, त्या पाच जणींचा कलेजीचा वाटा आधी काढायचा, असं आम्ही ठरवलंय. पाचांत गरोदर कुणी नाही, ते विचारून घेतलं. घरच्यांना अजून सांगितलेलं नाही.