जुन्या मोटारसायकलचा ब्रेक

उज्जैनहून ओंकारेश्वरास निघालेल्या दुचाकीस्वाराला इंदूर सोडल्यावर भेरूघाट उतरावा लागतो. माळव्याचे पठार तेथे संपते व रस्ता नर्मदेच्या खोऱ्याकडे वळणे घेत जातो. याच घाटात एकदा माझ्या जुन्या करिझ्माच्या पुढच्या ब्रेकचे लिव्हर थेट मुठीला टेकले, आणि गाडी धावतच राहिली! मागे पत्नी बसली होती. मागच्या ड्रम ब्रेकने व खालच्या गियरने कशीबशी गाडी आवरली.

अर्ध्या तासाने तोच ब्रेक पूर्ववत् लागू लागला. हे कसे? ब्रेकचे तेल हवेतील बाष्प शोषून घेते. डॉट ४ जातीचे ताजे तेल २३० अंश सेल्सियसपर्यंत तरी उकळत नाही. पाणी मुरले की हीच मर्यादा १५५ अंशांच्या आसपास येते. उतारावर डिस्क तापली, तेलात वाफेचे बुडबुडे झाले, आणि माझा सारा जोर ती वाफ दाबण्यातच खर्ची पडला. दोष गाडीचा नव्हे. सहा वर्षे मीच तेल बदलले नव्हते. साखळीला मात्र दर रविवारी तेल देत होतो!

हौशी मंडळी जुन्या गाडीस प्रथम पोलादी जाळीची नळी बसवितात. जुनी रबरी नळी दाबाने फुगते, तेव्हा ते योग्यच. परंतु नळी बदलताना तेलही नवे भरावे लागते, आणि श्रेय सारे नळीला मिळते. तेल दर दोन वर्षांनी बदलावे. मुठीजवळच्या डबीत ते चहाच्या रंगावर आले, की आमचा मिस्त्री तेवढेही थांबू देत नाही.