जुन्या जीपचें इंजिन व त्याचे सुटे भाग
(धर्मग्रामाच्या तरुण मंडळापुढें केलेलें भाषण)



धर्मगुरुनिवासाच्या मागें चिंचेखालीं उभ्या असलेल्या विलिस जीपविषयीं मंडळांत दोन तट पडले आहेत, म्हणून हे चार शब्द. एक पक्ष म्हणतो, मूळ इंजिन भंगारांत द्यावें व एखादें डिझेल इंजिन बसवून गाडी चालती करावी. दुसऱ्या पक्षास जुनेंच इंजिन उभें करावयाचें आहे. पण भाग मिळणार कोठून, या प्रश्नापाशीं तो अडतो. माझें मत या दुसऱ्या पक्षाकडे आहे. डिझेलनें खर्च वांचेल हें खरें. पेट्रोलचा भाव मलाहि ठाऊक आहे! परंतु भाग मिळतच नाहींत, हें म्हणणें मला मान्य नाहीं.

१९४१ ते १९४५ या युद्धकाळांत विलिस व फोर्ड या दोन कंपन्यांनीं मिळून सहा लाखांहून अधिक जीपा घडविल्या. युद्ध संपल्यावर लष्करास नको झालेल्या कित्येक गाड्या आपल्या देशांत लिलावांत विकल्या गेल्या, आणि १९४७ सालीं मुंबईंत महिंद्रांनीं विलिस जीपांची जुळवणी आरंभिली. एवढा साठा जेथें येऊन पडला, तेथें त्याचे अवशेष आहेतच. ते ओळखणारी दृष्टि मात्र हवी.

आपल्या इंजिनास चार सिलिंडर. व्यास तीन इंच एक सूत, पिस्टनची धांव चार इंच तीन सूत, शक्ति साठ घोड्यांची. याचे सर्व व्हॉल्व्ह ब्लॉकमध्येंच एका बाजूस आहेत. हेड म्हणजे केवळ वरचें झांकण. पुढें उंच बॉनेटाच्या जीपा निघाल्या, त्यांच्या इंजिनाचा व्यास व धांव हींच राहिलीं, पण हवा घेणारे व्हॉल्व्ह हेडमध्यें गेले. दुकानीं जाऊन नुसतें “जीपचें हेड द्या” म्हणाल, तर बहुधा हें दुसरें हातीं पडेल, आणि तें आपल्या ब्लॉकवर बसणार नाहीं.

याहून फसवी गोष्ट कॅमशाफ्टची. आरंभींच्या इंजिनांत तो साखळीनें फिरे, नंतरच्यांत दांतेरी चक्रांनीं. साखळीनें फिरणारा कॅमशाफ्ट क्रँकच्याच दिशेनें जातो, चक्रांनीं फिरणारा उलट दिशेनें. त्यामुळें एकाचा कॅमशाफ्ट दुसऱ्यास चालत नाहीं, तेलाचा पंपहि चालत नाहीं. पाहतांना मात्र हे भाग भावंडांसारखे दिसतात. म्हणून आधीं पुढील झांकण काढून आंत साखळी आहे कीं चक्रें, तें पाहावें.

नंतर मापें. सिलिंडर वरच्या टोंकाशीं अधिक झिजतो, म्हणून तो वर, मध्यें व खालीं, प्रत्येक ठिकाणीं आडवा-उभा मोजावा. क्रँक पूर्वीं किती वेळां घांसला गेला, हें मायक्रोमीटरच सांगेल. दहा, वीस, तीस सहस्रांश इंच अशा पायऱ्यांनीं बेअरिंगें मिळतात; क्रँक घांसण्यापूर्वीं तीं विकत घेणें म्हणजे अंगाचें माप न देतां सदरा शिवून घेणें होय. आणि सर्वांआधीं ब्लॉकला तडा नाहीं ना, हें दाबानें पाणी भरून तपासावें. ब्लॉकच गेला असेल, तर पुढील यादी व्यर्थ.

यादी हातीं आली, कीं मग बाजार. मुंबईचा चोरबाजार व कुर्ल्याचीं दुकानें जवळचीं. दिल्लीचें मायापुरी व हरियाणांतील डबवाली दूरचीं, परंतु जीपांच्या कामाविषयीं डबवालीचा लौकिक मोठा आहे. जुना भाग बरोबर न्यावा, ताडून पाहावा. नव्या खोक्यावरील नांवावर विसंबूं नये. खोकें छापणें सोपें, पोलाद घडविणें कठीण. हेडचें गॅस्केट न मिळालें, तर कुशल मिस्त्री तांब्याच्या पत्र्यांतून कापून देतो. असे मिस्त्री आतां थोडे उरले आहेत. त्यांच्या शेजारीं बसून हें काम शिकावें, हा माझ्या आग्रहाचा खरा हेतु.

डिझेलवाल्या मित्रांनीं आणखी एक गोष्ट ध्यानांत घ्यावी. २०२१ सालच्या केंद्रीय नियमांप्रमाणें पन्नास वर्षांहून जुन्या गाडीस ‘व्हिंटेज’ म्हणून नोंदणी मिळूं शकते, पण तिचें मूळ रूप राखलेलें असावें लागतें; चॅसी, सांगाडा वा इंजिन बदललें, कीं ती वाट बंद.

इंजिन खोलतांना प्रत्येक बोल्ट डब्यांत ठेवून वर चिठ्ठी लावा. फोर्डनें आपल्या जीपांच्या भागांवर, बोल्टांवरसुद्धां, ‘एफ’ हें अक्षर उठविलें होतें. तसा एखादा बोल्ट सांपडला, तर तो भंगारवाल्याच्या तराजूंत न टाकतां मला आणून दाखवावा.