शाळेचा लौकिक कोण ठरवितो?

(वार्षिक संमेलनात केलेले भाषण)



कार्यकारी मंडळाने शिक्षणाविषयी चार शब्द बोलण्याची मला आज्ञा केली. माझे स्वतःचे शिक्षण मॅट्रिकपर्यंतचे; परंतु बीड जिल्ह्यातील खेडोपाडीच्या जिल्हा परिषद शाळांतून माझी उभी हयात गेली. त्या अनुभवाच्या आधारे बोलतो. विद्वत्तेची अपेक्षा नसावी.

पूर्वी शाळेचा लौकिक पारावर, आठवडी बाजारात किंवा सोयरीक जुळविण्याच्या बैठकीत ठरत असे. आता तो पालकांच्या व्हॉट्सॲप गटांत ठरतो. पारावर बोलणारा मनुष्य गावातला असे, त्याचे पोर त्याच शाळेत बसलेले असे, आणि मास्तर समोरून जात असल्यामुळे बोलण्याला आपोआप मर्यादा पडे. गटांतील चर्चेत ही मर्यादा उरलेली नाही. ज्यांची मुले जिल्हा परिषदेच्या शाळेत नाहीत, तेच तिच्याविषयी अधिकारवाणीने बोलतात. ज्यांची आहेत, त्यांतील कित्येक आईबाप दिवाळीनंतर कोयता घेऊन पश्चिम महाराष्ट्रात आणि कर्नाटकात उसाच्या फडांवर गेलेले असतात. त्यांचा अभिप्राय कोणीच विचारीत नाही.

शिवाय खाजगी शाळांच्या स्नेहसंमेलनांची व सहलींची छायाचित्रे रोज गटांत येतात. तिसरीतील मुलास हातच्याची वजाबाकी समजली, ही गोष्ट छायाचित्रात कशी दिसावी?

'मराठी शाळेत इंग्रजी शिकवीत नाहीत' असे अद्यापि लिहिले जाते. वस्तुतः महाराष्ट्रात २००० सालापासून इयत्ता पहिलीपासून इंग्रजी हा विषय आहे, आणि जिल्हा परिषदेच्या कित्येक शाळांत सेमी-इंग्रजीचे वर्गही आहेत. मध्यंतरी आपल्याच एका बैठकीत मुलीच्या वडिलांनी मुलाच्या पदवीआधी त्याच्या शाळेचे माध्यम विचारले. असो.

आता याचा परिणाम कसा होतो ते पाहा. २००९ च्या शिक्षणहक्क कायद्याच्या परिशिष्टानुसार पहिली ते पाचवीच्या शाळेत साठ मुलांपर्यंत दोन शिक्षक, एकसष्ट ते नव्वदपर्यंत तीन, असे प्रमाण आहे. शिक्षकांची पदे दरवर्षी संचमान्यतेत पटावरून ठरतात. समजा, एखाद्या वस्तीच्या शाळेचा पट चौसष्ट आहे. गटात कोणी लिहिले की तेथे काही शिकवीत नाहीत, आणि पाच घरांनी मुले काढली. पट एकोणसाठ झाला, तिसरे पद गेले, आणि दोघा शिक्षकांवर पाच इयत्ता आल्या. मग शिकविणे खरोखरच मंदावते, आणि खोटी असलेली वार्ता वर्षाअखेरीस खरी ठरते. सोडून जाणाऱ्यांना दुसरी शाळा असते. मागे राहतो तो ऊसतोड कामगाराचा मुलगा. त्यांत आपल्याही ज्ञातीची मुले आहेत, हे पट चाळताना मी पाहिले आहे.

मी या शाळांचे वकीलपत्र घेतलेले नाही. रिक्त पदे, निवडणुकीची व जनगणनेची कामे, सतत मागविली जाणारी माहिती यांत शिक्षकाचा वेळ खर्ची पडतो. आणि अंग चोरणारे शिक्षकही असतात, हे मी नाकारीत नाही. परंतु दोषाची तक्रार कोठे करावयाची, याचे उत्तर त्याच कायद्यात आहे. शाळा व्यवस्थापन समितीत तीन चतुर्थांश सभासद पालक असतात आणि एकूण सभासदांत निम्म्या स्त्रिया असाव्या लागतात. त्या समितीच्या सभेत विचारलेल्या एका प्रश्नाचे उत्तर मुख्याध्यापकास द्यावे लागते; गटातील शंभर संदेशांचे द्यावे लागत नाही.

२०२० साली सोलापूर जिल्ह्यातील परितेवाडीचे रणजितसिंह डिसले यांना जागतिक शिक्षक पुरस्कार मिळाला आणि त्यांनी त्यातील निम्मी रक्कम अंतिम फेरीतील इतर शिक्षकांना वाटून दिली. त्या वेळी आपल्याही गटांत अभिमानाचे संदेश फिरले. परितेवाडीची ती शाळा जिल्हा परिषदेचीच, हे वाक्य मात्र त्या संदेशांत मला फारसे आढळले नाही.

निजामी राजवटीत उर्दूच्या वर्चस्वाखाली मराठी शिक्षण टिकविण्यासाठी मराठवाड्यात माणसांनी आयुष्ये वेचली. अंबाजोगाईच्या योगेश्वरी शाळेत स्वामी रामानंद तीर्थांनी स्वतः अध्यापन केले. पुढे १९६२ साली जिल्हा परिषदा आल्या आणि वाडीवस्तीपर्यंत शाळा पोहोचल्या. ज्या दारांसाठी एवढा खटाटोप झाला, ती आपण न पाहताच बंद मानावीत, हे मला पटत नाही.

म्हणून मंडळापुढे एक सूचना ठेवतो. जून महिन्यात मुलाचे नाव घालण्यापूर्वी प्रत्येक कुटुंबाने जवळची शाळा एकदा प्रत्यक्ष पाहावी. मुलांना पुस्तकातील नव्हे, फळ्यावरील नवे वाक्य वाचावयास सांगावे, वह्या उघडून तपासलेल्या तारखा पाहाव्यात. मग पसंत पडो वा न पडो, जे पाहिले तेच गटात लिहावे. कोणास सोबत हवी असल्यास मी येण्यास तयार आहे. परिपाठाच्या वेळी जावे, आणि आगाऊ कळवू नये.